रोशाच्या तेलाचा वास

फरीदाबादच्या सुगंधी तेलांच्या कारखान्यात चंद्रप्रभाबाईंचं काम सांगायला सोपं: आलेलं तेल हुंगायचं आणि सही करायची. कागदाची पट्टी तेलात बुडवायची, नाकाशी धरायची, मग स्वतःचीच बाही हुंगून नाक ताजं करायचं आणि पुन्हा पट्टी. एकोणतीस वर्षं हेच. या नाकापायी त्यांनी केसांना साधं खोबरेल लावलं नाही, आणि नवरा होता तोवर त्यालाही रविवारखेरीज लसूण मिळाला नाही. बिचारा तक्रार न करता गेला.

नव्या मुलांना त्या शिकवत की सुवास म्हणजे एक चीज नव्हे, अनेक द्रव्यांची मिसळ. लवंगेतलं युजेनॉल दातदुखीवर, पुदिन्यातलं मेंथॉल बामात, गवती चहातलं सिट्रल लिंबाच्या वासाच्या साबणात. आणि गुलाबात असतं ते जिरॅनिऑल मेळघाटाकडच्या रोशा गवतातही भरपूर. म्हणजे गुलाबाचा म्हणून मिरवणारे कितीतरी साबण खरे गवताचे. हे सांगताना बाई हमखास खूश व्हायच्या.

ते रोशा तेल दामू पाठवायचा. मेळघाटाच्या पायथ्याशी त्याची तेल काढायची भट्टी, आणि बाई मूळच्या अचलपूरच्या. हंगामात पिंप पोचलं की त्याचा फोन. ‘‘ताई, कसं हाये तेल?’’ मग गवत, पाऊस, त्याची म्हैस, असा अर्धा तास. मुलगी चेतना कॅनडात. तिचं मराठी ‘हां आई, बिल्कुल’च्या पुढे जात नसे. पोटभर मराठी बोलायला बाईंना दामूच उरला होता.

दोन वर्षांपूर्वी ताप आला आणि जाताना बाईंचं नाक घेऊन गेला. डॉक्टर म्हणाले, येईल परत. आलं नाही. बाईंनी कुणाला सांगितलं नाही. तेलातली द्रव्यं मोजणाऱ्या यंत्राच्या आलेखात जिरॅनिऑलचा सुळका दिसला की त्या सवयीनं ‘गोड, मागे गुलाब’ असं लिहून सही ठोकत, आणि दामूला सांगत, मस्त आहे.

यंदा साबणवाल्यांनी तीन पिंपं परत पाठवली. तेलाला करपल्याचा वास होता. भट्टीच्या तळाला गवत लागलं की असं होतं. वास एवढासाच, यंत्राला तो दिसला नाही. नाकाला पट्टीवर लगेच कळतो. शेजारच्या टेबलावरच्या विक्रांतनं पट्टी धरली आणि तोंड वाकडं केलं. मॅनेजरनं दामूचा माल बंद करायचं ठरवलं.

पहिल्याच पिंपाला बाईंनी सांगितलं असतं तर दामूनं भट्टी दुरुस्त केली असती. त्या केबिनमध्ये गेल्या आणि सगळं कबूल केलं. दामूला एक संधी मिळाली. बाईंची सही काढून विक्रांतला दिली, आणि त्यांच्याकडे लेबलांचं काम आलं.

मग त्यांनी स्वतः दामूला फोन लावला, बहुधा पहिल्यांदाच.

‘‘दामू, मला वास येत नाही रे. दोन वर्षं झाली.’’

‘‘मंग तुमी मस्त हाये म्हनत होत्या, ते?’’

‘‘खरं सांगितलं तर तू फोन करायचा थांबशील, असं वाटलं.’’

‘‘भट्टीतून गवताखालची जाळी काढली होती मी, ताई,’’ तो म्हणाला. ‘‘तुमी मस्त म्हनल्या म्हून बसवली नाही.’’ त्याच्या आवाजात राग नव्हता. असता तर बाईंना बरं वाटलं असतं. विक्रांतचा नंबर त्यानं लिहून घेतला.

पुढच्या पिंपाच्या वेळी बाई लेबलं चिकटवत होत्या. विक्रांतचा फोन वाजला. पलीकडून दामू मोडक्या हिंदीत विचारत होता, साहब, तेल कैसा है. विक्रांतनं पट्टी हुंगली आणि बढ़िया है म्हणाला. दामूनं शुक्रिया म्हणून फोन ठेवला. अर्धं मिनिटही झालं नसेल.

म्हशीचं विक्रांतनं विचारलंच नाही.