साठ ड्रम आणि एक पळी

त्यांचं खरं नाव पगारपत्रकात होतं आणि तिथेच राहिलं. कारखान्यात सगळे त्यांना नळीताई म्हणत. गेटमधून तेलाचा टेम्पो आत आला, की आधी त्यांना हाक जायची, मग मालकांना. नळीताई हात पुसत बाहेर येत. त्यांच्या हातात ड्रमपेक्षा हातभर लांब, दोन्ही तोंडं उघडी अशी स्टीलची नळी असे. ड्रमचं झाकण उघडायचं, नळी अगदी सावकाश तळाला टेकेपर्यंत आत सोडायची, वरचं तोंड अंगठ्यानं दाबून धरायचं आणि नळी बाहेर काढायची. ड्रममध्ये वरपासून खालपर्यंत तेल जसं उभं असतं, तसंच ते नळीत येतं. वर स्वच्छ, मध्ये गढूळ, खाली पाणी आणि पांढुरका गाळ.

हा उद्योग वापरलेल्या तेलापासून बायोडिझेल करण्याचा. हॉटेलं, कँटीन, वेफरचे कारखाने इथलं तळून तळून काळं झालेलं तेल इथे येई आणि ट्रकच्या इंजिनात जाण्याजोगं होऊन बाहेर पडे. तेल घालणारी माणसं बेरकी. एकदा एकाच्या ड्रममधून नळी काढली, तर चार बोटं तेल आणि खाली नुसतं पाणी. नळीताई त्याला म्हणाल्या, "भाऊ, तेल विकायला आलात की विहीर?" तो टेम्पो पुन्हा कधी दिसला नाही.

बावीस वर्षं त्या हेच काम करत होत्या. नमुना घ्यायचा, लॅबच्या खोलीत नेऊन त्यात आम्ल किती आहे ते तपासायचं, मग वहीत आकडा, "तिन्ही थर" हे दोन शब्द आणि सही. मालकांचे वडील होते तेव्हा त्यांनीच हा नियम घालून दिला होता. त्यांच्यामागे मुलगा मालक झाला. नियम आणि नळीताई दोन्ही त्याच्याकडे वारशानं आले, असं तो चेष्टेनं म्हणायचा. चेष्टा करायचा, पण त्यांची सही असली की दुसऱ्यांदा पाहायचा नाही.

त्या थंडीत कारखान्यात नव्या प्लँटचं वारं होतं. तेल शिजवायची जुनी कढई थकली होती. आठवड्यातून दोनदा तिला ठिगळ लागे. मालकांनी तीन कंपन्यांकडून दर मागवले. नवा प्लँट एकदाच घेता येणार होता. तो चुकला तर दुसऱ्यासाठी बँक दारातही उभं करणार नव्हती, आणि अठ्ठावीस माणसांचे पगार त्यावर अवलंबून होते.

तुलना करायचं काम हिशेबनिसांकडे. हे गृहस्थ पेन्सिलीला टोक काढल्याशिवाय बेरीजही करत नसत. मंगळवारी जेवणाच्या सुट्टीत त्यांनी डब्याशेजारी कागद पसरला.

"ऐका ताई. पहिला प्लँट साधा. कॉस्टिक आणि मिथेनॉल घाला, तासाभरात काम फत्ते. सगळ्यात स्वस्त. त्याची किंमत एक धरली, तर दुसऱ्याची पावणेदोन."

"दुसऱ्यात असं काय सोनं लावलंय?"

"त्यात आधी ॲसिड आणि मिथेनॉलनं तेलातलं आम्ल कमी करून घेतात, मग कॉस्टिक. टाक्या ॲसिडला टिकणाऱ्या लागतात, म्हणून महाग. तिसरा एन्झाइमचा. त्याला उष्णता कमी लागते, घाण कमी होते, पण एक घाणा निघायला अख्खा दिवस, आणि एन्झाइमची किंमत ऐकून पाणी मागाल. त्याची किंमत सव्वादोन."

"मग लीटरमागे कसं पडतं?"

"तेच काढलंय. पहिल्याचा खर्च शंभर धरा. दुसऱ्याचा एकशे नऊ, तिसऱ्याचा एकशे एकवीस. शंभरातले ऐंशी तर कच्च्या तेलाचेच. शनिवारी पहिल्या कंपनीचा माणूस येतोय सह्या घ्यायला." मग त्यांनी कागदाच्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. "अर्थात हे सगळं आपल्या तेलात आम्ल दीड टक्का धरून."

नळीताईंचा घास हातातच राहिला.

"किती?"

"दीड. तुमचाच नमुना, तुमचीच सही. तिन्ही कंपन्यांना एकाच दिवशी बाटल्या गेल्या होत्या, तिघींनीही तपासून दीडच कळवलाय."

थंडीत त्यांचं तेल कधी चार टक्क्यांच्या खाली आलं नव्हतं. थंडीत जड चरबी खाली बसते, पाणी तिच्याशी सलगी करतं आणि आम्ल तिथेच वाढतं. हे त्यांना पाठ होतं. आणि तो नमुना घेतला तो दिवसही आठवला. उजवा खांदा असा धरला होता की हात डोक्याच्या वर जाईना. उभ्या ड्रममध्ये नळी सोडायची तर हात पूर्ण उंचवावा लागतो. दरासाठीच तर नमुना पाठवायचाय, असं म्हणून त्यांनी त्या एका दिवशी नळी भिंतीला टेकवून ठेवली आणि पळीनं वरचं तेल घेतलं. आम्ल कंपन्याच तपासणार, म्हणून आकड्याची जागा कोरी सोडली. वहीत मात्र हात आपला सवयीनं चालला. "तिन्ही थर." सही.

त्यांनी डबा तसाच बंद केला आणि हिशेबनिसांना सगळं सांगितलं.

हिशेबनिसांनी कागद दुमडला. "ताई, तुमच्या निवृत्तीला दोन वर्षं राहिलीत. आणि ही वही म्हणजे तुमची अब्रू. मी म्हणतो, दीडचे चार झाले तर एवढं काय बिघडणार आहे?"

"कॉस्टिक आणि आम्ल एकत्र आलं की काय होतं, भाऊ?"

"काय?"

"साबण. बायोडिझेलच्या टाकीत साबण. तुम्ही शंभर लिहिलंय ना, ते पुसायला खोडरबर पुरायचं नाही." त्या उठल्या. "मालक आहेत का वर?"

मालक फोनवर बँकेशीच बोलत होते. त्यांनी हातानं बसायची खूण केली. नळीताई उभ्याच राहिल्या. फोन खाली ठेवताच त्यांनी एका दमात सांगून टाकलं, पळीसकट. मालकांचा चेहरा आधी पांढरा झाला, मग लाल.

"ताई, तुमच्या सहीवर मी डोळे मिटून झोपतो."

"माहीत आहे."

"दुसऱ्या कुणी केलं असतं तर गेटबाहेर काढलं असतं."

"मलाही काढा. पण शनिवारनंतर. आधी मला खरं तेल मोजू द्या."

मालक उठून खिडकीशी गेले. खाली पत्र्याच्या शेडखाली ड्रम रांगेनं उभे होते. "एका ड्रमवर मी बँकेला तोंड दाखवू शकत नाही," ते म्हणाले. "साठ ड्रम आहेत. साठही मोजा. शुक्रवारी संध्याकाळी आकडा टेबलावर हवा. नाही आला तर शनिवारी मी सही करतो. मग जे होईल ते होईल."

साठ ड्रम, तीन दिवस, आणि खांदा अजून पुरता सुटलेला नाही. घरी येऊन त्यांनी हे सांगितलं तेव्हा नवरा दाराच्या चौकटीला रंधा मारत होता. तो सुतार. घरातलं एकही दार त्यानं कधी नीट लागू दिलं नव्हतं, सतत काहीतरी सुधारणा चालू.

"बावीस वर्षं ड्रममध्ये डोकावतेस," तो म्हणाला. "कधी माझ्याकडेही डोकाव."

"अहो, चेष्टा नको. हात वर जात नाही माझा."

"मग हात कशाला वर न्यायचा? तू वर जा." त्यानं कानावरची पेन्सिल काढली. "ड्रम किती उंच?"

"माझ्या कमरेच्या वर चार बोटं."

"मोजमाप विचारलंय. तुझी कंबर गेल्या वर्षी कुठे होती आणि यंदा कुठे आहे, मला काय ठाऊक?"

त्यांनी हातातला टॉवेल त्याच्यावर फेकला. सकाळी दारात दोन पायऱ्यांचं घडवंचीसारखं स्टूल तयार होतं. पायांना रबर लावलेलं, एका बाजूला धरायला दांडी. त्यावर उभं राहिलं की नळी खांद्याच्या खालूनच ड्रममध्ये जाई. खालच्या फळीवर त्यानं खिळ्यानं कोरलं होतं : "पळी वापरण्यास मनाई." नळीताईंना हसू आलं आणि लगेच डोळे भरून आले. त्यांनी स्टूल काखेत मारलं आणि बस पकडली.

बुधवारी अठरा ड्रम झाले. गारठलेल्या तेलात नळी आधी पुढे सरकेना. तळाशी चरबी मेणासारखी बसलेली. घाईनं दाबली तर ती नळीत न शिरता बाजूला सरते आणि नमुना पुन्हा खोटा येतो. म्हणून थांबायचं, चरबीला वाट द्यायला नळी हलकेच फिरवायची. एका ड्रमला दहा मिनिटं. मग लॅबमध्ये प्रत्येक नमुना कोमट करून ढवळायचा, रंग बदलणारं औषध टाकलेल्या अल्कोहोलमध्ये घालायचा आणि कॉस्टिकचं पाणी थेंबाथेंबानं सोडत बसायचं. रंग गुलाबी होऊन टिकला की थेंब मोजायचे. जितके थेंब जास्त, तितकं आम्ल जास्त. गुरुवारी दुपारी खांदा ठणकू लागला, तेव्हा त्यांनी नळी डाव्या हातात घेतली. पहिले दोन नमुने अंगठा सुटून सांडले. तिसऱ्यापासून डावा अंगठाही शिकला.

हिशेबनीस त्या दिवशी न बोलावता लॅबमध्ये आले आणि आकडे उतरवायला बसले. "उतरवणं माझं काम, मोजणं तुमचं," म्हणाले. "सदतिसावा किती?"

"सहा पूर्णांक दोन."

"अरे बाप रे."

"बाप रे नका लिहू, आकडा लिहा."

शुक्रवारी साडेपाचला साठावा ड्रम झाला. सगळ्यांची सरासरी साडेपाच टक्के निघाली. हिशेबनिसांनी नवं टोक काढलं आणि हिशेब पुन्हा मांडला. साध्या प्लँटमध्ये आम्लाचा साबण होणार, साबण आपल्यासोबत चांगलं तेलही ओढून नेणार, बायोडिझेल धुण्याचं पाणी वाढणार. शंभर लीटर तेलातून जिथे सत्त्याण्णव मिळायचे तिथे चौऱ्याऐंशी हाती लागणार. शंभराचे झाले एकशे एकोणीस. दुसऱ्यात थोडं ॲसिड आणि मिथेनॉल वाढलं, एकशे नऊचे एकशे अकरा. तिसऱ्याचा आकडा जागचा हलला नाही. एन्झाइमला आम्लाशी काही देणंघेणं नसतं, पण ते महाग ते महागच.

"म्हणजे सगळ्यात स्वस्त यंत्राचं बायोडिझेल जवळजवळ सगळ्यात महाग," हिशेबनीस म्हणाले. "प्लँटच्या किमतीकडेच बघत बसलो होतो मी. ऐंशी टक्के खर्च तेलाचा म्हणून लिहिलं मीच, आणि विसरलोही मीच."

शनिवारी कंपनीचा माणूस आला. थंडी असो नसो, हा कोटात असे, म्हणून सगळे त्याला कोटवाले म्हणत. मालकांनी नवा कागद त्याच्यासमोर सरकवला. तो हसला.

"साहेब, कागदावर काय, काहीही दाखवता येतं. एक-दोन टक्के इकडेतिकडे आमचा प्लँट पचवून टाकतो."

"पचवतो का ते बघू," नळीताई म्हणाल्या. त्यांनी टेबलावर वर्तमानपत्र अंथरलं आणि त्यावर दोन झाकणाच्या बाटल्या ठेवल्या. "एकीत त्या दिवशीसारखंच पळीनं घेतलेलं वरचं तेल. दुसरीत साठ ड्रमचं मिसळलेलं. दोन्हींत घातलेल्या कॉस्टिक आणि मिथेनॉलचं प्रमाण तुमच्याच माहितीपत्रकातलं. दोन्ही बाटल्या सारख्याच कोमट. तुम्हीच हलवा. मी हात लावत नाही."

कोटवाल्यानं दोन्ही बाटल्या हलवल्या आणि ठेवल्या. चहा आला, संपला. पहिल्या बाटलीत हळूहळू दोन थर दिसू लागले, वर फिकट पिवळा, खाली तपकिरी. दुसरी मात्र पांढरट होऊन गोठत गेली. मालकांनी ती उचलून उलटी धरली. आतलं काही हललं नाही.

"हे तुम्ही पचवणार?" मालकांनी विचारलं.

कोटवाल्यानं बाटली हातात घेऊन तिला टिचकी मारली. "नमुना तुम्हीच पाठवला होता, साहेब. आमची काय चूक?"

"तुमची नाही," नळीताई म्हणाल्या. "माझी. मी पळीनं घेतला आणि वहीत खोटं लिहिलं."

कोटवाल्यानं कोटाचं बटण लावलं, कागद पिशवीत घातले आणि जाताना थबकला. "एक बाटली मला द्याल? दुसरी. आमच्या माणसांना दाखवायला." नळीताईंनी ती वर्तमानपत्रात नीट गुंडाळून दिली.

मालकांनी दुसऱ्या कंपनीचा प्लँट घ्यायचं ठरवलं, पण पैसे तेवढेच असल्यामुळे ठरवलेल्याच्या निम्म्या क्षमतेचा. जुनी कढई आणखी दोन वर्षं ठिगळं लावत चालवावी लागणार होती. माल दुप्पट करायचं त्यांचं स्वप्न पुढे गेलं, आणि ते काही आनंदात नव्हते.

"ताई, आजपासून नमुन्याच्या वहीत दोन सह्या," ते म्हणाले. "तुमची आणि हिशेबनिसांची. तुमची एकटीची मी आता चालवून घेणार नाही."

हे लागलं. बावीस वर्षांत पहिल्यांदा. नळीताई म्हणाल्या, "बरोबर आहे. आणि गेटबाहेर काढायचं बोलला होतात, त्याचं काय?"

"नवा प्लँट येईल तेव्हा त्याला रोज खरा आकडा लागेल. ॲसिड किती घालायचं ते त्यावरच ठरतं, असं हिशेबनीस म्हणतात. तो कोण देणार?" मालक चिडूनच बोलले. "जा आता, गेटवर टेम्पो उभा आहे."

त्या आधी लॅबमध्ये गेल्या. जुनी वही काढली, ते पान शोधलं, "तिन्ही थर" या शब्दांवर लाल शाईनं आडवी रेघ मारली. खाली लिहिलं : "फक्त वरचा थर. खांदा दुखत होता म्हणून पळीने घेतला. नमुना चुकीचा." तारीख घातली, सही केली आणि वही हिशेबनिसांपुढे धरली. त्यांनी पेन्सिलीचं टोक पाहिलं, मग ती बाजूला ठेवून पेन मागितलं आणि शेजारी दुसरी सही केली.

टेम्पोवाला हॉर्न वाजवत होता. नळीताईंनी एका हातात नळी घेतली, दुसऱ्या काखेत स्टूल मारलं.

"आता हे काय नवीन, ताई?" टेम्पोवाल्यानं विचारलं.

"आता मी उंच झालेय," त्या स्टुलावर चढत म्हणाल्या. "झाकण उघड."