गरम कपाटातलं मंगलाष्टक

ज्ञानेश गद्रे दही लावायला बसला तरी आधी थर्मामीटर आणायचा. भिंतीत खिळा ठोकायचा, तर त्याआधी भिंतींवरचं पुस्तक. सायकल घेतली तेव्हा हेल्मेट आलं, हातमोजे आले, पंप, दिवा, पाण्याची बाटली सगळं आलं, आणि सायकल बिचारी जिन्याखाली टॉवेल वाळत घालायच्या कामी लागली. मूळचा नाशिकचा. आयर्लंडमधल्या शॅननला विमानतळाला लागून कारखान्यांची मोठी वसाहत आहे, तिथल्या एका कचेरीत तो कॉम्प्युटरचं काम करायचा. स्वभावाने सोन्यासारखा. कुणाला नाही म्हणायचा नाही, कुणाविषयी वाकडं बोलायचा नाही. फक्त कामापेक्षा कामाची तयारी मोठी व्हायची, आणि काम आपलं दारात ताटकळत उभं.

त्याची बायको रेवती म्हणायची, "याच्यापुढे जेवणाचं ताट ठेवलं, तर हा आधी चमचे कुठल्या धातूचे आहेत ते विचारेल."

दोन हजार चार साली ज्ञानेशच्या धाकट्या बहिणीचं, संध्याचं, लग्न ठरलं. नाशकात, फेब्रुवारीत. आणि नेमका तेव्हा रेवतीला आठवा महिना. डॉक्टरीणबाईंनी तिला विमानात बसायला मनाई केली, घरात तिसरं माणूस नाही, आणि तिला एकटं टाकून जायचं ज्ञानेशच्या जिवाला पटेना. त्याने वडिलांना फोन लावला. पुरुषोत्तमरावांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बरं."

आता या 'बरं'चा अर्थ ज्यांनी असे वडील पाहिलेत त्यांनाच कळायचा. मग ते म्हणाले, "लागेल लग्न. भावावाचून काही अडत नाही."

फोन ठेवून ज्ञानेश चहा करायला उठला. संध्याला त्याने अंगाखांद्यावर खेळवलेली. तिच्या लग्नात आपलं काहीच नसावं? मग त्याच्या डोक्यात आलं, की लग्नात मामा, मावश्या, आत्या एकेक मंगलाष्टक म्हणतातच. आपणही रचायचं, इथेच म्हणायचं, सीडीवर उतरवायचं. विक्रांत त्याच्याच कचेरीतला, नाशिकचाच, त्याच सुमाराला सुट्टीवर निघाला होता. तो सीडी नेईल, हॉलमध्ये वाजवेल. माणूस नसला तरी माणसाचा आवाज मांडवात असेल.

"छानच की," रेवती म्हणाली. "आपला टेपरेकॉर्डर आहे. त्यात म्हण आणि दे पाठवून."

ज्ञानेशने तिच्याकडे असं पाहिलं, की जणू तिने गणपतीला बिस्किटाचा नैवेद्य दाखवायला सांगितलं. "अगं, हॉलमध्ये हे एवढाले कर्णे असतात. सगळी खरखर ऐकू जाईल. बाबा म्हणतील, पोराने बसका घसा पाठवला."

मग खोकी यायला लागली. एकात मायक्रोफोन. तो मखमलीच्या पेटीत, नवरीच्या नथीसारखा. एकात त्याला उभं करायची तिवई. एकात नुसती बटणंच बटणं असलेली पेटी, तिच्यातून निघणाऱ्या वायरी म्हणजे शेवयांचा गोळा. कॉम्प्युटरच्या पोटात घालायचं एक कार्ड, कानाला लावायचे मोठे डबे, आणि हे सगळं कसं वापरायचं त्याचं पुस्तक. ते पुस्तक तर रामायणाएवढं जाड. वरच्या मजल्यावरची छोटी खोली रेवतीने बाळासाठी पिवळी रंगवून घेतली होती. पाळण्याच्या जागी आता तिवई उभी राहिली.

"बाळाला आल्याआल्या इंटरव्ह्यू द्यायचाय का?" रेवतीने विचारलं.

"लग्नापुरतंच गं. मग सगळं काढतो."

मंगलाष्टक मात्र त्याने खरंच झकास रचलं. मात्रा मोजून, बोटांवर गुरु-लघू करत.

"संध्या लाडकि धाकटी भगिनि ही जाते घरी सासरी," असं सुरू व्हायचं, आणि शेवट, "भावाचा शुभ शब्द हा दुरुनही कुर्यात् सदा मंगलम्."

पहिल्या दिवशी तो म्हणायला उभा राहिला. "संध्या लाडकि..." आणि डोक्यावरून विमान गेलं. ते गेलं, की दुसरं. बाहेरचा आवाज अडवायला पाहिजे. कचेरीतल्या कुणीतरी सांगितलं, अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे भिंतीला लाव, आवाज चिडीचूप.

आता गद्र्यांच्या घरात सात पिढ्यांत अंडं आलं नव्हतं. केकसुद्धा ज्ञानेश डब्यावरची बारीक अक्षरं वाचून घ्यायचा. पण शेजारच्या ब्रीडाबाईंच्या बहिणीकडे, मेरीकडे, कोंबड्या होत्या. ज्ञानेश कुंपणाशी गेला आणि म्हणाला, मला अंड्यांचे ट्रे पाहिजेत, जितके मिळतील तितके. ब्रीडाबाई प्रेमळ बाई. त्यांनी रेवतीच्या पोटाकडे पाहिलं, मान डोलावली आणि म्हणाल्या, "ग्रँड, ग्रँड!"

शनिवारी त्यांनी गाडी भरून ट्रे आणले. सगळे भरलेले.

"अहो, मला नुसते ट्रे हवे होते," ज्ञानेश कसाबसा म्हणाला.

"नुसते?" ब्रीडाबाई हसायला लागल्या. "दोन जिवांची बाई घरात आणि नुसता पुठ्ठा देऊ? आमच्या मेरीला काय वाटेल?"

नाही म्हणायची सवय नसलेला माणूस. सगळी अंडी घरात आली. ओट्यावर अंडी, फ्रिजमध्ये अंडी, देवघराच्या कपाटाशेजारी अंडी. रेवतीने नाकाला पदर लावला तो काढेचना. ज्ञानेशने कचेरीत वाटली, पोस्टमनला दिली, खिडक्या पुसायला येणाऱ्याला दिली. तेवढ्यात जवळच्या लिमरिक शहरातल्या मराठी मंडळात बातमी गेली, की गद्रे अंडी खायला लागले, आणि तीही पोत्याने. एका वहिनींनी तर रेवतीला फोन करून हळूच ऑम्लेटची कृती सांगितली.

ट्रे लागले चारी भिंतींना. खोली आतून कोंबड्यांच्या शाळेसारखी दिसायला लागली. ज्ञानेश उभा राहिला, "संध्या लाडकि..." आणि विमान गेलं. तस्संच. उलट आता जरा जवळून गेल्यासारखं वाटलं.

तरी त्याने एकदा सगळं म्हणून घेतलं आणि ऐकलं. तेव्हा दुसरंच निघालं. 'भगिनि'चा भ आला की तोंडातला वारा मायक्रोफोनवर आपटून फटाका फुटायचा. 'भावाचा'ला दुसरा. 'शुभ'ला तिसरा. पुस्तकात लिहिलं होतं, की प आणि ब जपून म्हणा. पुस्तक लिहिणाऱ्याला भ माहीत असता तर त्याने वेगळं प्रकरणच लिहिलं असतं. पुस्तकाचं म्हणणं, मायक्रोफोनपुढे बायकांच्या पायमोज्याचं पातळ कापड ताणून बांधा. ज्ञानेश दुकानात जाऊन कानापर्यंत लाल झाला आणि पायमोजे न घेताच परत आला. शेवटी रेवतीने चहाची गाळणी धुऊन दिली, तिच्यावर जुन्या ओढणीचा तुकडा ताणला आणि तिवईला दोऱ्याने बांधली.

"म्हण आता."

म्हटलं. भ शहाण्यासारखा वागला. ज्ञानेश आनंदाने नाचायचाच बाकी होता, तोवर विमान गेलं.

विक्रांत शनिवारी निघणार होता. गुरुवार उजाडला तरी सीडीवर एक ओळ नाही. संध्याने फोन केला. "दादा, झालं का रे तुझं? मी सगळ्यांना सांगून ठेवलंय. बाबा काही बोलत नाहीत, पण परवा गुरुजींना विचारत होते, सीडीचं चालतं ना म्हणून."

हे ऐकल्यावर ज्ञानेशला जेवण जाईना. बाबांनी स्वतः विचारलं! आणि आपल्याजवळ द्यायला फटाके आणि विमानं.

शुक्रवारी कचेरीतून लवकर आला. रेवती जिन्याच्या वरच्या टोकाशी हॉट प्रेसमध्ये डोकं घालून टॉवेल काढत होती. हॉट प्रेस म्हणजे गरम पाण्याच्या टाकीचं कपाट. तिकडे घरोघर असतं, कपडे उबेला ठेवायला. ती आतूनच म्हणाली, "आलास का? चहा ठेवू?" आणि ज्ञानेश जागच्या जागी थांबला. आवाज कसा मऊ आला होता! ना घुमणं, ना बाहेरचं काही. चहूबाजूंनी टॉवेल, चादरी, दुपटी.

"रेवती, बाहेर ये."

"का? उंदीर आहे?"

"नाही. मी आत जातो."

खालचं फळकूट काढलं, मायक्रोफोन आत नेला, गाळणी बांधली, आणि एवढा थोरला इंजिनीअर टाकीला पाठ लावून कपाटात उभा राहिला. दार लावल्यावर दोन मिनिटांत घामाच्या धारा. त्याने शर्ट काढला, मग बनियन काढला. आत उघडा, खांद्यावर टॉवेल, समोर गाळणी. कुणी पाहिलं असतं तर सोवळ्यात पुरण गाळतोय म्हणालं असतं. बाहेर रेवती कॉम्प्युटरपाशी बटण दाबायला.

आणि आवाज लागला. कपाटाच्या अंधारात त्याला काही दिसत नव्हतं, म्हणून असेल, पण बहीण दिसली. चारही ओळी एका दमात झाल्या. 'कुर्यात् सदा मंगलम्' म्हणून तो बाहेर आला तेव्हा उकडलेल्या बटाट्यासारखा दिसत होता. रेवतीने ऐकलं आणि डोळे पुसत म्हणाली, "आता याला हात लावू नकोस हं. एवढं माझं ऐक."

इथे थांबला असता तर तो ज्ञानेश कसला? ऐकता ऐकता त्याला वाटलं, शेवटी सुनं सुनं वाटतंय. कॉम्प्युटरमध्ये सनईचा आवाज होता, चौघड्याचा होता. हे सगळं घेतलंय आणि वापरायचं नाही? त्याने मंगलाष्टकाच्या पाठोपाठ सनई-चौघडा जोडून दिला. अगदी खऱ्यासारखा, दणदणीत. रेवतीने एकदा विचारलं, "हे कशाला?" तो म्हणाला, "वातावरण!" आणि विक्रांत सीडी घेऊन गेला.

लग्नाच्या दिवशी शॅननला अजून अंधार होता. ज्ञानेश झब्बा घालून, कपाळाला गंध लावून जिन्यावर फोन धरून बसला होता, शेजारी रेवती. विक्रांतने हॉलमधून मोबाइल चालू ठेवला होता. गुरुजींचं म्हणणं ऐकू येत होतं, मग मामीचं मंगलाष्टक झालं, मग आत्याचं. मग विक्रांत कुजबुजला, "आता तुझं."

"संध्या लाडकि धाकटी..." कर्ण्यातून ज्ञानेशचा आवाज निघाला. रेवतीने त्याचा हात धरला. "भावाचा शुभ शब्द हा दुरुनही..." कुणी बाई हुंदका देताना ऐकू आली. "...कुर्यात् सदा मंगलम्!"

आणि सनई सुरू झाली.

आता हल्ली लग्नात खरे वाजंत्रीवाले कुठे असतात? त्या हॉलचीही सनई कॅसेटवरचीच, त्याच कर्ण्यातून येणारी. लोकांना काय कळणार? सनई-चौघडा वाजला म्हणजे लग्न लागलं! अंतरपाट धरणाऱ्यांनी अंतरपाट ओढला. मुठीत राहिलेल्या सगळ्या अक्षता उडाल्या. टाळ्या झाल्या, संध्याने माळ घातली, नवऱ्या मुलाने, चैतन्यने, घातली, आणि मागच्या रांगा उठून जेवणाच्या दालनाकडे निघाल्या.

"अरे थांबा!" ज्ञानेश जिन्यावर उभा राहून फोनमध्ये ओरडला. "ती माझी सनई आहे! विक्रांत! मुहूर्त व्हायचाय! थांबव त्यांना!"

विक्रांतला चौघड्यात काही ऐकू येत नव्हतं. "हो हो, फार छान झालं!" तो ओरडला. "सगळे रडतायत!"

शेजारच्या भिंतीवर ब्रीडाबाईंनी ठकठक केली, सगळं ठीक आहे ना म्हणून.

मग गुरुजींचा आवाज कडाडला. "मंडळी! मागे फिरा! मुहूर्ताला अवकाश आहे! वाजवली कुणी सनई?"

ज्ञानेशने डोळे मिटले. पुढचा आवाज बाबांचा असणार, हे त्याला ठाऊक होतं. होताही.

"आमच्या चिरंजीवांनी," पुरुषोत्तमराव म्हणाले. मग जरा थांबून, "आयर्लंडहून." आणि मग जे ऐकू आलं, ते ज्ञानेशला आधी खोकला वाटलं. पुरुषोत्तमराव हसत होते. त्यांना हसू आवरेना, ते बघून मामा हसले, आत्या हसली, आणि सगळा मांडव हसायला लागला. गुरुजी तेवढे रागावलेले.

मागच्या रांगांना जेवणाच्या दालनातून परत आणलं. काहींच्या हातात भजी होती. अक्षता संपल्या होत्या, म्हणून आचाऱ्याकडून तांदूळ मागवले. माळा घातलेल्याच नवरानवरीमध्ये पुन्हा अंतरपाट धरला. मुहूर्ताला वेळ उरला होता, पण पुढे म्हणायला कुणाकडे मंगलाष्टक उरलं नव्हतं.

"पोराचंच लावा परत," पुरुषोत्तमराव म्हणाले. "पण शेवटी बटण दाबायला माणूस बसवा."

दुसऱ्यांदा ज्ञानेशने आपला आवाज ऐकला तो पायरीवर बसून, डोकं रेवतीच्या खांद्यावर टेकून. या खेपेला विक्रांतने वेळेवर बटण दाबलं, गुरुजींनी स्वतःच्या तोंडाने लग्न लावलं, आणि मग हॉलची सनई वाजली.

गडबडीतच संध्या फोनवर आली. "दादा! माझं दोनदा लग्न लावलंस रे!" हसत होती की रडत, कळेना. "थांब, यांना तुझ्याशी बोलायचंय."

चैतन्यचा आवाज आला. "दादा, नवऱ्या मुलाचा कान पिळायला नवरीच्या भावाने यायचं असतं म्हणतात. इथे मामेभाऊ तयार उभा आहे. पण तुमचे बाबा म्हणाले, हक्क तुमचा. हा घ्या, कानालाच लावलाय फोन. पिळा."

ज्ञानेशने तोंड उघडलं. महिनाभर मायक्रोफोन, पेट्या, ट्रे आणि वायरी जमवून आवाजाच्या मागे लागलेला माणूस, आणि आता घशातून आवाज निघेना.

"दादा? ऐकू येतंय ना?"

रेवतीने फोन काढून घेतला. "चैतन्यराव," ती म्हणाली, "कान पिळला गेलाय असं समजा. आमच्या संध्याला जपा. आणि कान लाल झाला नसेल तर जरा चोळून घ्या, फोटोत दिसायला हवा."