डावऱ्या काकांचा रोमन नवस

हौशी मंडळींत वावरलं की किस्से जमवावे लागत नाहीत. ओट्याखालच्या प्लास्टिकच्या डब्यांसारखे ते आपोआप साठतात आणि एक काढायला जावं तर चार अंगावर येतात. आमच्या रोमन पलटणीचे तर इतके झालेत, की नवरा म्हणतो, "यार मीनल, आता जेवताना तरी रोम नको."

पलटण म्हणजे अमेरिकेतल्या आमच्या हर्नडन गावापासून तासाभरावरच्या एका शेतात महिन्यातून एकदा जमणारी आम्ही वीसेक माणसं. शिरस्त्राणं घालून आम्ही रोमन सैनिक बनतो. जिंकलेल्या ब्रिटनमध्ये, घरापासून लांब, थंडीत तैनात असलेले. आमचा नायक ग्रेग, लॅटिनचा रिटायर्ड मास्तर. एरवी मी डेटाबेस सांभाळते, इथं माझ्याकडे पूजाखातं. नागपूरची बाई आहे म्हटल्यावर दुसरं खातं मिळणारच नव्हतं.

आणि सगळ्या किश्शांच्या मध्यभागी सुधाकरकाका. मूळचे सांगलीचे, जन्म गेला अमेरिकेत हाडं जोडण्यात. वय सत्तरीपुढे.

*

काका भरती व्हायला आले तेव्हा ग्रेग जरा घुटमळला. ब्रिटनमधल्या रोमन फौजेत भारतीय माणूस कसा दाखवायचा?

"तिथं सीरियाचे तिरंदाज होते ना?" काकांनी विचारलं.

"होते."

"मग सांगलीचा ऑर्थोपेडिक का नाही?"

ग्रेगनं वयाचा मुद्दा काढला. रोमन सैनिक या वयापर्यंत नोकरीत नसत. काका म्हणाले, "हॉस्पिटलनं पण हेच सांगितलं होतं. मी त्यांचंही बरीच वर्षं ऐकलं नाही."

दुसऱ्या दिवशी ते चिलखताचं माप देऊन आले.

*

ललिताकाकू सोबत यायच्या. फोल्डिंगची खुर्ची, थर्मासमध्ये चहा आणि मैदानावर बारीक लक्ष. रोमन सैनिक वेदीवर वाटीनं दारू ओतून देवाला अर्पण करायचे. शेतमालकाला दारू चालत नाही, म्हणून आम्ही द्राक्षाचा रस ओततो. काका डावरे. वाटी डाव्या हातात आली, की खुर्चीतून आवाज यायचा, "अहो, उजवा!"

आयुष्यभर त्यांनी डाव्या हातानं ऑपरेशनं केली, काकूंनी चकार शब्द काढला नाही. पण देवासमोर डावा हात त्यांना खपायचा नाही. आणि ग्रेगनं पुस्तक उघडून सांगितलं, की रोमन लोकांचंही हेच म्हणणं होतं! काकूंचा चेहरा त्या दिवशी बघण्यासारखा होता.

यातून एक झालं. काकू नवऱ्याला नावानं हाक मारत नसल्यामुळे अख्ख्या पलटणीला वाटलं, की काकांचं नावच 'अहो' आहे. हजेरीला ग्रेग खणखणीत ओरडायचा, "अहो!" काका म्हणायचे, "प्रेझेंट." दुरुस्ती त्यांनी कधीच केली नाही.

*

रोमन सैनिक वसंतात आपल्या निशाणांना सुगंधी तेल चोळून फुलांच्या माळा घालत. मी इंडियन स्टोअरमधून झेंडू आणला. तेल आणायचं काम काकांकडे होतं. त्यांनी आणलं खोबरेल, तेही थंडीनं गोठलेलं. मग ग्रेगच्या गाडीचा हीटर लावून पलटण बाटली वितळण्याची वाट बघत बसली.

"ही तर शस्त्रपूजा," काका म्हणाले. "मी दसऱ्याला ऑपरेशनच्या हातोडीला हळदकुंकू लावलं होतं. हेड नर्सनं ती तीनदा स्टरलाइझ केली आणि मला एकदा."

*

मागच्या हिवाळ्यात काकूंना अर्धांगाचा झटका आला. जीव वाचला, पण उजवा हात लुळा पडला आणि बोलणं गेलं. सगळं समजायचं, शब्द मात्र येत नव्हता. काकांच्या घरात 'अहो' ही हाक बंद झाली आणि मैदानावर वीस अमेरिकन तीच मारत राहिले.

काका काही महिने आले नाहीत. मग एका शनिवारी पिकअप ट्रक भाड्यानं घेऊन आले. मागे गुडघ्याइतका उंच दगड होता.

"ग्रेग, ते सैनिक देवाकडे काही मागायचे आणि मिळालं की वेदी उभारायचे ना?"

"हो. वर देवाचं नाव, खाली सैनिकाचं. शेवटच्या ओळीत चार अक्षरं. अर्थ असा, की बोललो होतो ते आनंदानं फेडलं."

"म्हणजे नवस," काका म्हणाले. "ललिता बोलू दे. मी वेदी देतो."

ग्रेगनं चाचरत सांगितलं, की आधी देवानं काम करायचं, मग दगड.

"शेवटची ओळ कोरत नाही. बाकी सगळी तयारी करून ठेवतो. पेशंट टेबलावर आहे हे देवाला दिसलं पाहिजे."

*

कोणत्या देवाला, यावर खल झाला. मी म्हटलं, "काका, गणपती?"

"तो घरी आहे, त्याचं काम करतोय. पण हे रोमन बघ. परक्या मुलखात गेले, तरी तिथल्या देवाचं नाव ठाऊक नसताना 'या जागेचा जो कोणी असशील तो' म्हणून हात जोडायचे. आपण इतकी वर्षं इथं राहतो. इथल्या ग्रामदैवताला कधी विचारलं?"

दगडावर तेच नाव कोरलं गेलं.

कोरताना काका मान वर करत नसत. डावा हात बाजूला पसरून फक्त "छिन्नी" म्हणायचे आणि मी ती तळव्यावर ठेवायची, ऑपरेशन थिएटरसारखी. म्हणायचे, "हाडापेक्षा दगड बरा. नातेवाईक बाहेर थांबलेले नसतात."

त्यांची मुलगी नेहा वैतागली होती. "बाबा, दिस इज नॉट अ ट्रीटमेंट प्लॅन."

"ट्रीटमेंट चालूच आहे. स्पीच थेरपीला रोज मीच ड्राइव्ह करतो. हे त्याच्यावर."

*

रोमन लोक कोंबड्यांना दाणे टाकून शकुन बघत. अधाशीपणे खाल्लं आणि चोचीतून दाणे सांडले तर उत्तम. शेतमालकाच्या कोंबड्या होत्याच. काकांनी काकूंसाठी दाणे टाकले. कोंबड्यांनी ढुंकून पाहिलं नाही. ग्रेगचा चेहरा पडला.

"सेकंड ओपिनियन घेऊ," असं म्हणून काकांनी पिशवीतून चिवड्याचा डबा काढला.

कोंबड्या अशा तुटून पडल्या, की चोचीतून पोहे सांडले.

"हे बघ," काका म्हणाले आणि पुन्हा दगडाशी जाऊन बसले.

*

ऑक्टोबरमध्ये आमचा लोकांसाठी कार्यक्रम असतो. वेदी उभी होती, शेवटची ओळ कोरी. नेहानं काकूंची व्हीलचेअर पहिल्या रांगेत आणून लावली. ग्रेगनं प्रार्थना सुरू केली. काकांनी रोमन रीतीप्रमाणे अंगावरच्या वस्त्रानं डोकं झाकलं आणि रसाची वाटी उचलली, डाव्या हातानं.

काकू आजारी पडल्यापासून काकांना यावरून कोणी टोकत नव्हतं. ग्रेगसुद्धा नाही.

"अ... अहो."

मला वाटलं, आमच्यातलाच कोणी सैनिक. ग्रेग वाचायचा थांबला.

"उ... उजवा."

नेहानं तोंडावर हात दाबला. काका मागे वळले नाहीत. त्यांनी वाटी उजव्या हातात घेतली, सगळा रस सावकाश वेदीवर ओतला आणि वाटी खाली ठेवली. मग गुडघ्यावर बसले, मान वर न करता डावा हात माझ्याकडे पसरला आणि म्हणाले, "छिन्नी."