ज्यानं काढल्या, त्यानं परत ठेवायच्या

आमच्या घरी दसऱ्याला एक किस्सा हटकून सांगितला जातो. म्हैसूरला, जयलक्ष्मीपुरमच्या घरात वरच्या खोलीत एक परदेशी विद्यार्थी भाड्यानं राहायचा आणि सरकारची बाजू घेऊन मी त्याला एका वाक्यात गप्प केलं, असा. किस्सा मीच पसरवला. तो अर्धाच आहे. आता वय झालं, म्हणून उरलेला अर्धा लिहून ठेवतो.

तो मुलगा प्रशांत महासागरातल्या एका बेटाकडचा. एका बड्या सरकारनं त्यांच्या बेटाजवळ बॉम्बच्या चाचण्या केल्या आणि किरणोत्सारी राख गावावर पडली, माणसं आजारी पडली. सरकारनं सगळ्यांना बोटीत घालून दुसऱ्या बेटावर नेलं, पत्र्याची घरं दिली, ‘लवकरच परत नेऊ’ म्हणून सांगितलं. याचा जन्मही त्या दुसऱ्या बेटावरचाच. आजी मात्र परत जायची वाट बघत बसलेली.

पोरगा भारी गमत्या. माझ्या बायकोकडून ‘सुम्ने कूतको’, म्हणजे गप्प बस, एवढं कन्नड शिकला आणि तिच्यावरच चालवू लागला.

म्हैसूरच्या रिवाजानं आम्हीही दसऱ्याला पायऱ्यांवर बाहुल्या मांडतो. बायकोचा कायदा एकच: पेटीतून बाहुली ज्यानं काढली, त्यानंच सण संपल्यावर ती जागच्या जागी परत ठेवायची. कायदा झाला तो माझ्यामुळे. काढायला मी पुढे, आवरायच्या दिवशी हटकून ऑफिसात काम!

त्या वर्षी त्यानं परातीत वाळू पसरून आपलं बेट मांडलं. खराट्याच्या काड्यांचे माड, करवंटीची होडी. देवराज मोहल्ल्यातून आणलेल्या लाकडी बाहुल्या म्हणजे गावकरी; त्या मात्र बाजूला फरशीवर दाटीनं उभ्या.

“अय्यो, बेट रिकामंच?” हळदीकुंकवाला आलेल्या बायकांनी विचारलं. त्यानं कारण सांगितलं: वाळूत अजून ती राख आहे, म्हणून माणसं अजून दुसरीकडेच.

मी तेव्हा धरणग्रस्तांच्या पुनर्वसनाच्या कामावर होतो. गावं उठवणं हीच माझी नोकरी. मला ते झोंबलं. “अरे, माणसं सुखरूप हलवली, घरं दिली. सरकारची जबाबदारी तिथं संपली,” असं म्हणून मी साऱ्या बाहुल्या उचलून बेटावर ठेवल्या. “सणासुदीला गाव ओसाड नको!”

बायका हसल्या. किस्सा मी इथंच थांबवायचो.

पण तो पुढे बोलला होता. “अंकल, आंटींचा कायदा काय?”

“काढल्या त्यानं परत ठेवायच्या.”

“मग आम्हांला कोणी काढलं?”

मी उगाच करवंटीची होडी सरळ करू लागलो.

“आणि वाळू साफ न करता ठेवल्यात तुम्ही,” तो हसत म्हणाला. “परत आजारी पडतील की!” आणि त्यानं एकेक बाहुली पुन्हा फरशीवर आणली.

बायको म्हणाली, “अहो, आता तुम्हीच सुम्ने कूतकोळ्ळी!”

सगळे खदखदून हसले. मीही. पण नव्या जागी नेऊन सोडलेल्या माझ्या गावांकडे मी पुन्हा कधी फिरकलो नव्हतो, हे मला त्याच क्षणी कळलं होतं. म्हणून तर किस्सा अर्धा सांगायचो.

यंदा पाहुण्यांसमोर पुरा सांगितला. कुवेंपुनगरहून आलेली नात टाळ्या पिटत म्हणाली, “म्हणजे आजोबा, तुम्ही हरलात!”

“चांगलाच!”

दर दसऱ्याप्रमाणे त्याचा व्हिडिओ कॉल आला. त्याची आजी वारली, त्यालाही वर्षं झाली. “नेलं का रे परत?” मी विचारलं. “अजून नाही, अंकल.” मी फोनचा कॅमेरा वळवून त्याला परात दाखवली. बेट रिकामं, बाहुल्या फरशीवर.

“बरोबर मांडलंत,” तो म्हणाला. “आणि या पेटीत परत कोण ठेवणार?”

“मीच.”

“बघतेच मी!” आतून बायको ओरडली.