माइक मी काढून घेतला

ही गोष्ट सांगायची मी बरीच वर्षं टाळत आलो. नात चार वर्षांची होती आणि बोलताना पहिल्या अक्षरालाच अडायची. बालवाडीच्या बाईंनी बजावलं होतं, "तिचं वाक्य तिलाच पूर्ण करू द्या." मला ते फाजील लाड वाटायचे.

बोरिवलीतल्या आमच्या सोसायटीच्या गणपतीत मुलांचा कार्यक्रम होता. सून म्हणाली, "बाबा, यंदा राहू द्या ना." तरी मी नातीचं नाव दिलं. तिला फक्त स्वतःचं नाव सांगायचं होतं. स्टेजवर ती "मा... मा..." करत अडली. मागून कुणीतरी म्हणालं, "आजोबा, नेटवर्क गेलं वाटतं." लोक हसले. सून हातानेच मला थांबा म्हणत होती. मी वर चढलो, माइक काढून घेतला आणि नाव मीच सांगून टाकलं. टाळ्या पडल्या. मी माइक घेतला त्याच क्षणी नातीच्या ओठांवर शब्द आला होता. मला तो दिसला होता.

आता ती पाचवीत आहे. कुणी काही विचारलं की अजूनही आधी माझ्याकडे बघते.

गेल्या संक्रांतीला माफी मागायची म्हणून तिला गच्चीवर नेलं. आम्ही पतंग बघत बसलो आणि तसेच खाली आलो.