गिरणीतला गळा

गिरणी सुरू झाली की त्या गल्लीत दोन माणसांना एकमेकांशी धड बोलायचं असेल, तर पुढच्या वळणापर्यंत चालत जावं लागे. मोटारीचा पट्टा फिरू लागला की आधी जमीन थरथरे, मग भिंती, मग खिडकीत ठेवलेली कपबशी, आणि शेवटी या सगळ्यांतून मिळून एक जाड, अखंड घूंऽऽ निघे. येणाऱ्याजाणाऱ्यांना तो गोंगाट वाटे. गिरणीवाल्याच्या मुलीला मात्र त्या आवाजाच्या मांडीवर डोकं ठेवून पडावंसं वाटे.

ती त्यातच वाढली होती. तान्ही असताना आई तिला पोत्यांच्या थप्पीवर निजवायची आणि गिरणी बंद पडली की पोर दचकून जागी व्हायची. मोठी झाली तशी ती त्या घूंवर गाऊ लागली. गिरणीचा आवाज खाली अंथरायचा आणि त्यावर आपला गळा मोकळा सोडायचा. दळण टाकता टाकता, डबे पुसता पुसता, पीठ झाडता झाडता ती गायची. कुणाला काही ऐकू जायचं नाही, त्यामुळे कुणी ‘पुरे’ही म्हणायचं नाही. गाणाऱ्याला याहून मोठं सुख कुठलं!

घरात हळू बोलणं कुणालाच ठाऊक नव्हतं. आई जेवताना मीठ मागायची तीसुद्धा जणू नदीपलीकडून मागतेय अशी. मुलगी शाळेत ‘हजर’ म्हणाली की शेजारच्या वर्गातली पोरं मान वर करत. तिचं नाव हजेरीपुरतं उरलं होतं. बाकी सगळ्यांसाठी ती भोंगा. तिला त्याचं वाईट वाटत नसे. भोंगा वाजला की लोक ऐकतात तरी, असं ती म्हणायची.

गाणं ऐकायचं वेडही तसंच. गिरणीच्या आवाजात मोबाइलचा आवाज म्हणजे समुद्रात टाकलेला खडा. म्हणून तिनं एक युक्ती काढली होती. मोबाइल रिकाम्या डब्यात ठेवायचा आणि डोकं डब्यात घालायचं. डबा घुमायचा, गाणं अंगभर व्हायचं. एकदा ती असंच गाणं लावून पाणी प्यायला गेली, तेवढ्यात बापानं न बघता तोच डबा पिठाच्या तोंडाखाली सरकवला. डबा होता पोस्टातून निवृत्त झालेल्या आजोबांचा. आजोबा भरलेला डबा घेऊन घरी निघाले. वळण ओलांडलं, गिरणीचा आवाज मागे राहिला, आणि डबा गाऊ लागला. आजोबांनी डबा रस्त्यावर ठेवला, दोन पावलं मागे सरले, त्याच्याकडे टक लावून पाहिलं आणि होते तसे परत आले.

“अहो गिरणीवाले,” ते म्हणाले, “तुमचं पीठ गातंय.”

तर अशी ही पोर. पंधराव्या वर्षी ती संगीताच्या बाईंकडे जाऊ लागली. बाईंचा वर्ग वाचनालयाच्या माडीवर भरायचा. वाचनालयाचा वर्धापनदिन जवळ आला होता आणि बाईंनी वर्गातल्या सगळ्यांना घेऊन एक गाणं बसवायला काढलं होतं. गाणं त्यांनी स्वतः रचलं होतं. त्याची सुरुवात अवघड होती. पहिल्या चार ओळी एकाच आवाजात, एकटीनं, कुठल्याही वाद्याशिवाय. पाचव्या ओळीला बाईंचा की-बोर्ड येणार आणि त्याच्याबरोबर सगळी मुलं. त्या चार ओळींसाठी बाईंनी भोंग्याला निवडलं. “आवाज आहे तुझ्याकडे,” त्या एवढंच म्हणाल्या. मुलगी जिना उतरली ती जणू पायऱ्या नव्हत्याच.

पहिल्याच तालमीत घात झाला. चार ओळी तिनं मन लावून म्हटल्या. पाचव्या ओळीला बाईंनी पट्ट्या दाबल्या, मुलांनी तोंडं उघडली, आणि कापड टरकावं तसा आवाज झाला. वाद्य एकीकडे, मुलगी दुसरीकडे.

“खाली आलीस,” बाई म्हणाल्या. “पुन्हा.”

पुन्हा तेच. तिसऱ्यांदाही तेच. बाईंनी चष्मा काढून पुसला.

“अगं, तू बेसूर नाहीस. प्रत्येक ओळ सुरात सुरू करतेस आणि शेवटाला जरा बसतेस. थकल्या माणसानं ओट्यावर टेकावं तशी. चार ओळींत चारदा बसलीस की पाचव्या ओळीला तू तळघरात.”

मुलं हसली. तीही हसली, पण कान तापले होते.

“शनिवारपर्यंत वेळ देते,” बाई म्हणाल्या. “जमलं तर तू. नाही तर या चार ओळी दुसऱ्या कुणाला देईन. रागावू नकोस.”

“रागावत नाही, बाई,” ती म्हणाली, आणि आयुष्यात पहिल्यांदा ती इतक्या हळू बोलली की बाईंना पुन्हा विचारावं लागलं.

दुसऱ्या दिवशी ती गिरणीत पोत्यांवर गुडघे पोटाशी घेऊन बसली. तोंड बंद. गिरणीत बोलणं हातवाऱ्यांनी चालायचं. चिमूट चोळली की बारीक दळण, मूठ हलवली की जाडसर, बोट गळ्याशी नेलं की चहा. बापानं तिच्याकडे बघून गळ्याशी बोट नेलं. चहा नको, अशी तिनं मान हलवली. मग त्यानं स्वतःचे ओठ दोन बोटांत धरून फडफडवले. म्हणजे, आज गाणं का बंद?

तिनं खांदे उडवले. त्यानं पाटी उचलली आणि वरच्या नरसाळ्यात गहू ओतला.

दाणे दगडात शिरले. मोटारीवर ओझं आलं. घूंऽऽ जराशी दबली, खाली बसली आणि मग तिथंच चालू लागली. मुलगी नकळत नाकातल्या नाकात गुणगुणत होती. तिच्या ध्यानात आलं की तिचा सूरही आत्ता, याच क्षणी, गिरणीबरोबर खाली बसला.

ती ताडकन उठली. “बाबा! परत ओता!”

बापाला ऐकू गेलं नाही. तिनं ओतल्याचा हावभाव केला. त्याला वाटलं, दळण सांडलं. तो वाकून जमीन बघू लागला. तिनं त्याचा हात धरून पाटी त्याच्या हातात दिली आणि नरसाळ्याकडे बोट दाखवलं. त्यानं ओतलं. पुन्हा घूं दबली, पुन्हा तिचा सूर तिच्या पाठोपाठ गेला, मेंढीमागून कोकरू जावं तसा.

तिचं सगळं गाणं याच गिरणीत झालं होतं. बापाची पाटी रिती होई त्याच वेळी ती ओळ संपवी आणि श्वास घेई. वर्षानुवर्षं तिचा गळा दळणाच्या ओझ्यानं वाकायला शिकला होता. वाचनालयाच्या माडीवर ना दगड होते ना गहू, तरी ओळीच्या शेवटाला तो मुकाट वाकत होता.

दुपारी गिरणी थांबली तेव्हा तिनं हे बापाला समजावून सांगितलं. त्यानं शांतपणे ऐकलं आणि कपाळावरचं पीठ पुसलं.

“म्हणजे चूक माझी?”

“तुमची नाही. गव्हाची.”

“मग गिरणी बंद ठेवू का शनिवारपर्यंत?”

“आणि खाणार काय?” आई आतून ओरडली. “चार ओळी?”

गिरणी बंद राहणं शक्य नव्हतं. तेव्हा मुलीनं ठरवलं, इथंच उभं राहायचं आणि वाकायचं नाही. बाईंच्या की-बोर्डवरचा पहिला सूर तिनं मोबाइलमध्ये भरून आणला आणि तो डब्यात ठेवला. चार ओळी म्हणायच्या, मग डब्यात डोकं घालायचं आणि आपण कुठे आहोत ते पडताळायचं. बापाला तर खेळच मिळाला. ती गात असताना तो पाठमोरा उभा राही, जणू काही लक्षच नाही, आणि अचानक पाटी रिती करी. डब्यातून डोकं काढताना तिचा चेहरा पडलेला दिसला की दाताखाली खडा आल्यासारखं तोंड करी. गिऱ्हाइकंही सामील झाली. शेजारच्या शिवणवाल्या काकू दळण झालं तरी हलेनात. मुलगी शेवटचा सूर डब्यात सोडी, त्या डब्याला कान लावून ऐकत आणि ओरडून निकाल देत.

“खाली गेलीस गं!”

“तुम्हाला काय कळतं काकू, तुम्ही तर गाणं ऐकताना झोपता!”

“झोपते, पण खाली गेलेलं झोपेतही कळतं. चल, पुन्हा म्हण.”

“दिवसभर तेच दळण चाललंय,” पोस्टातले आजोबा पुटपुटले, पण तेही घरी गेले नाहीत.

दोन दिवस ती पडत राहिली. तिसऱ्या दिवशी बापानं पाटी ओतली, गिरणी कण्हत खाली बसली, आणि मुलगी वरच राहिली. हट्टी पोरानं फांदी धरून ठेवावी तशी. तिनं डब्यात डोकं घातलं. दोन्ही सूर एक झाले होते. डब्यातूनच तिनं अशी किंकाळी ठोकली की काकूंच्या हातातली पिशवी खाली पडली.

शनिवारी बाईंसमोर तिनं चारही ओळी म्हटल्या आणि पाचव्या ओळीला वाद्य येऊन तिच्या शेजारी अलगद बसलं. कुठे फट नाही. मुलांनी टाळ्या वाजवल्या. बाईंनी वाजवल्या नाहीत.

“सूर धरलास,” त्या म्हणाल्या. “पण फार घट्ट धरलास. चोर येईल म्हणून मुठीत नाणं धरावं तसा. माझं गाणं कुठं गेलं त्यात?”

बाईंनी की-बोर्ड बंद केला.

“तू गाताना स्वतःला ऐकतेस का?”

“गिरणीत कुठलं ऐकू येतं, बाई?”

बाई खुर्ची ओढून तिच्यासमोर बसल्या. “म्हणजे इतकी वर्षं तू न ऐकताच गातेयस? मग सोमवारी शेवटच्या तालमीला ये. त्याआधी एकदा तरी स्वतःला ऐकून ये. ओळी कुणाला द्यायच्या ते तेव्हा सांगते.”

रविवारी गिरणीला सुटी. पट्टा सोडलेला, मोटार थंड, दारं अर्धी उघडी. उन्हाची एक तिरकी पट्टी आत आली होती आणि तिच्यात पिठाचे कण निवांत तरंगत होते. मुलगी थप्पीवर चढून बसली. एवढ्या शांततेत तोंड उघडायची तिला लाज वाटली. घसा उगाच खाकरला. मग तिनं पहिली ओळ म्हटली, नेहमीसारखी, पूर्ण ताकदीनं, आणि पत्र्याचं छप्पर खणखणलं. तिनं स्वतःच कानावर हात ठेवले.

“बाई गं,” ती म्हणाली, “हा तर खरंच भोंगा आहे.”

आणि एकटीच खो खो हसत सुटली. हसू ओसरल्यावर तिनं तीच ओळ निम्म्या आवाजात म्हटली. मग त्याच्याही निम्म्या. तेव्हा कुठे तिला आपला आवाज भेटला. तो तिला वाटायचा तसा चकचकीत नव्हता. जरा खरखरीत, जाडसर दळलेल्या पिठासारखा. शब्दांच्या कडेला थोडा थांबणारा. वाईट नव्हता. ऐकत राहावासा होता. ती त्याला दुसऱ्या कुणाचा असल्यासारखी ऐकत गेली आणि ऐकता ऐकता चारही ओळी होऊन गेल्या.

दार सरकवल्याचा आवाज झाला. बाप केरसुणी घेऊन उभा होता. किती वेळ उभा होता कोण जाणे.

“तूच गात होतीस?”

“मग कोण? गहू?”

त्यानं केरसुणी भिंतीला टेकवली. “नाही, म्हणजे... रोज तोंड हलताना बघतो तुझं. गातेस हे ठाऊक होतं. असं गातेस हे आज कळलं.” मग तो इकडेतिकडे बघून म्हणाला, “पुन्हा म्हण. मी झाडत नाही तोवर.”

सोमवारी बाईंनी चार ओळी ऐकल्या आणि नुसतं “हं” म्हटलं. त्या ‘हं’वर मुलगी दोन दिवस जगली. ओळी तिच्याच राहिल्या.

कार्यक्रमाच्या संध्याकाळी वाचनालयाच्या हॉलमध्ये खुर्च्या कमी पडल्या. बाप पहिल्यांदाच धुतलेल्या, पिठाचा ठिपका नसलेल्या शर्टात आला होता आणि ओळखू येत नव्हता. आई शेजारच्या बाईला “आमची मुलगी, ती बघा, पुढची” असं कानात सांगत होती आणि शेवटच्या रांगेतली माणसंही माना उंचावून पुढची मुलगी बघत होती.

ठरलं होतं ते असं. चार ओळी झाल्या की मुलीनं दोन पावलं मागे जाऊन मुलांच्या रांगेत मिसळायचं.

तिनं डोळे मिटले. हॉल शांत झाला, अगदी सुटीच्या गिरणीसारखा. तिनं पहिली ओळ हळूच खाली ठेवली, झोपलेल्या मुलाला ठेवावं तशी. दुसरी ओळ. श्वास घेताना हॉलच्या टोकाला कुणाची तरी खुर्ची करकरली, पण तिचा गळा वाकला नाही. तिसरीत तिला स्वतःचा खरखरीत आवाज ऐकू आला आणि तो आवडला, इतका की ती गाताना हसली, आणि ते हसू ओळीत उतरलं. चौथी ओळ संपली. बाईंची बोटं पट्ट्यांवर पडली. वाद्य तिथंच होतं जिथं ती होती. मागून सगळ्या मुलांचा आवाज उठला आणि तिला पाठीवर घेतल्यासारखा वर घेऊन गेला.

मागे जायचं ती साफ विसरली. बाई डोळ्यांनी खुणावत होत्या, पण डोळे मिटलेल्या माणसाला खुणा कुठून दिसणार! शेवटी रांगेतली मुलंच एकेक पाऊल पुढे सरकली आणि तिच्या दोन्ही बाजूंनी उभी राहिली. गाणं असंच संपलं, सगळे पुढे, मागे कुणीच नाही.

टाळ्या ओसरल्यावर बाई तिला पडद्यामागे घेऊन गेल्या.

“मागे जायचं ठरलं होतं ना?”

“विसरले, बाई.”

“विसरलीस, की जायचं नव्हतं?”

“जायचं नव्हतं,” ती म्हणाली, ते मात्र हळू नाही. पडद्याबाहेर पहिल्या रांगेत हशा पिकला.

बाईही हसल्या. “बरं. पुढच्या वेळी रांगच तुझ्याभोवती बसवीन.”