आधी दादांची बाजू

नव्वदच्या दशकात जुन्नरच्या बाहेर मिशनची एक लहानशी शाळा होती. आता ती नाही. तिथले आमचे सर सेमिनरीत, म्हणजे पाद्री घडवणाऱ्या शाळेत, शिकून आलेले. ते लॅटिन म्हणायला लागले की माणिकडोह धरणाचं पाणी वीतभर वर चढायचं. खोटं वाटत असेल तर धरणाला विचारा.

मी डिंगोऱ्याचा, शेतकऱ्याघरचा. घरी विठोबा, शाळेत येशू, आणि दोघांपैकी कुणाचीही माझ्याकडे त्याबद्दल तक्रार आली नाही. प्रश्न पडायचा तो गावाला. बाकीची पोरं पोटापाण्याचं शिकतात आणि हा नववीत जुन्या रोमवर भाषणं ठोकतो. पिंपळवंडीचे मामा तर भेटले की विचारायचे, "काय पावणं, ते लॅटिन टोमॅटोवर फवारलं तर करपा जातो का?"

खरं तर लॅटिन हे निमित्त होतं. शाळेचा जीव होता शनिवारच्या वादात. तिथला रिवाज असा, की समोरच्याचं म्हणणं आधी तुम्ही मांडायचं, आणि तेही असं की त्यानं मान हलवून "हेच माझं म्हणणं" असं कबूल केलं पाहिजे. तोवर स्वतःच्या बाजूनं एक शब्द बोलायचा नाही. माझ्यासारख्या तोंडाळ पोराला ही शिक्षाच. मी समोरच्याचं म्हणणं असं वेडंवाकडं करून सांगायचो की अख्खा वर्ग हसायचा. सर तेवढे हसायचे नाहीत. "हे त्याचं नाही, तुझ्या सोयीचं आहे," म्हणायचे. "पुन्हा मांड." एकदा म्हणाले, "येशूनं शेजाऱ्यावर प्रेम करायला सांगितलं. पण शेजाऱ्याला काय म्हणायचंय तेच ऐकलं नाही, तर प्रेम कुणावर करतोय आपण?"

दिवाळीची सुट्टी संपली आणि त्याच आठवड्यात दादा, म्हणजे माझे वडील, शाळेत आले. माझा दाखला काढायला.

"पोराला आयटीआयला घालायचा इचार हाय, सर," ते व्हरांड्यात उभ्यानंच म्हणाले. "इहिरीवरची मोटार दर उन्हाळ्यात जळती. तिचं वायंडिंग भरायला शिकला तर घरचं काम व्हईल. हितं शिकून काय व्हणार, ते मला अजून समजलं न्हाई."

माझ्या पायाखालची फरशी सरकली. सरांनी मात्र शांतपणे दोन खुर्च्या मांडल्या. "दाखला देतो, भाऊ. त्याआधी आमचा एक रिवाज आहे. तुमची बाजू हा मांडेल. तुम्हाला पटली तर हा बोलेल, नाही तर दाखला घेऊन चला."

मी सुरू केलं, "दादांना वाटतं, पुस्तकं वाचून पोरं बिघडतात."

"असं मी कवा म्हणलो?" दादा म्हणाले.

"पुन्हा," सर म्हणाले.

मग मी मोटारीचं सांगितलं. विहीर, उभं पीक, जळालेली मोटार गाडीत घालून नारायणगावला न्यायची, ती भरून मिळेपर्यंत वाट बघायची. दादांनी अर्धी मान हलवली. "बरूबर हाय. पण तेवढंच न्हाई."

तेवढंच नाही तर काय, हे ते सांगेनात. मी त्यांच्याकडे पाहिलं. ते समोरच्या कुंपणाकडे पाहत होते. आणि मला दिवाळीतली ओसरी आठवली. दादांची बिबट्याची गोष्ट आमच्या पंचक्रोशीत नावाजलेली. तो बिबट्या दर वर्षी हातभर वाढायचा. ह्या दिवाळीला पाहुण्यांसमोर त्यांनी ती काढली, तेव्हा मी शनिवारच्या सवयीनं म्हणालो होतो, "दादा, मागल्या वर्षी तर तो बांधावरून गेला होता, विहिरीवरून उडी कुठून आली?" पाहुणे हसले. दादांनी पानाचा डबा ओढला. त्यानंतर सबंध सुट्टीत त्यांनी एकही गोष्ट सांगितली नव्हती.

"दादांचं म्हणणं असं," मी हळू म्हणालो, "की मोटार काय, बाहेरून भरून आणता येते. पण इथं शिकून पोरगं घरी येतं आणि बापालाच चारचौघांत खोटं पाडतं. बापाला स्वतःच्या ओसरीवर गोष्ट सांगायची चोरी झाली, तर असलं शिक्षण काय करायचं?"

दादांनी कुंपणावरची नजर माझ्याकडे वळवली. मग म्हणाले, "हां. ह्येच."

"आता तुझी बाजू," सर म्हणाले.

माझ्याकडे बाजू होत्या तरी किती. रोमची सगळी सभा कोळून प्यायलेला गडी मी. पण तोंडाशी एवढंच आलं, "दादा, तुमचं हे म्हणणं मला गेल्या वर्षी सांगता आलं नसतं."

शाळा कशासाठी होती, हे मला आजही याहून नीट सांगता येत नाही.

दादांनी टोपी काढून पुन्हा नीट घातली. "दाखला ऱ्हाऊ द्या सध्या," म्हणाले. सरांनी चहा मागवला. चहा पिता पिता दादांनी सरांकडे जरा अंदाज घेत पाहिलं आणि विचारलं, "सर, आमच्या उसातल्या बिबट्याचं तुमाला ठावं हाय का?"

त्या दिवशी तो बिबट्या शिवनेरीच्या तटाएवढा झाला. विहीर तर त्यानं ओलांडलीच, मोटारही तोंडात धरून नेली. आमच्या वाक्यावाक्याला अडवणारे सर खुर्चीत पुढं सरकून बसले होते, आणि दादा श्वास घ्यायला थांबले की तेवढं म्हणायचे, "मग?"